हे काऽऽय, चिमणीखाली

नाशिकरोड स्टेशनाबाहेर उभं राहून कोणालाही विचारा, ‘एकलहरं किती लांब आहे हो?’ किलोमीटरमध्ये उत्तर मिळायचं नाही. ‘लांब कुठंय? जवळच आहे,’ असं मिळेल. विचारणारा पायी आहे, गाडीवर आहे की डोक्यावर बोचकं घेऊन आहे, याची चौकशी होत नाही. त्यातून सांगणारा मूळचा एकलहऱ्याचा किंवा सामनगावचा निघाला, तर तो हात लांबवतो, हनुवटी जराशी वर करतो आणि म्हणतो, ‘हे काऽऽय, चिमणी दिसती ना, तिच्या खाली.’

त्या ‘काऽऽय’मधल्या आकाराकडे नीट कान द्यावा. अंतराचा खरा आकडा त्यात असतो. ‘हे काय’ असं तुटक आलं तर पन्नास पावलं. आकार थोडा लांबला तर एखादा किलोमीटर. आणि आकाराबरोबर बोलणाऱ्याची मानही वर गेली, डोळे बारीक झाले, तर मुकाट्यानं रिक्षा करावी.

चिमणी म्हणजे औष्णिक विद्युत केंद्राची चिमणी. उंच वस्तूचा हा एक खोडसाळपणा असतो, दिसते म्हणून ती जवळ वाटते. मनमाडकडून येणाऱ्या गाडीत या चिमण्या दिसायला लागल्या की लोक वरच्या बॅगा खाली काढतात, झोपलेल्या पोरांना उठवून चपला घालायला लावतात आणि डब्याच्या दाराशी जाऊन उभे राहतात. मग गाडी आउटरला थांबते. ‘कुठपर्यंत आलात?’ असा घरून फोन येतो. ‘आलोच, आउटरला आहे.’ आउटर ही रेल्वेनं आपल्याला दिलेली एक अजब जागा आहे. तिथं पोहोचलेला माणूस घरच्यांच्या लेखी आलेला असतो, चहाचं आधण चढलेलं असतं, आणि तो मात्र बाभळीच्या एका झाडाकडे बघत दारात उभा असतो.

मला कुतूहल आहे ते इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींचं. त्यांच्याकडे जवळचं घर ‘स्टोन्स थ्रो’वर असतं, म्हणजे धोंडा भिरकावला तर पोहोचेल एवढ्यावर. त्याहून जवळ असेल तर ‘स्पिटिंग डिस्टन्स’, थुंकी पोहोचेल एवढ्यावर. शेजाऱ्याचं अंतर काढायचं तर आधी धोंडा आणि मग थुंकी, ही कुठली मोजणी? आपल्याकडेही हे दोन्ही प्रकार शेजाऱ्याशेजाऱ्यांत होतात, नाही असं नाही. बांधाचा वाद असेल तर हमखास होतात. पण तेव्हा अंतर मोजायचा कोणाचा विचार नसतो.

आपण हाक मारतो. ‘हाकेच्या अंतरावर’ हे आपलं जुनं माप. गोदाकाठच्या मळ्यात रात्रीचं पाणी भरताना पायाखाली काही वळवळलं, तर पलीकडच्या वस्तीवर ऐकू जाईल का, असा त्यामागचा रोकडा हिशोब. धोंडा टाकायला पलीकडे माणूस असलाच पाहिजे असं नाही. हाकेला लागतो. आणि त्यानं नुसतं ऐकून चालत नाही, ओ द्यावी लागते. भिंतीला भिंत लागून असलेलं घर हाकेच्या अंतरावर नसतं आणि ओढ्यापलीकडची वस्ती असते, हे खेड्यात राहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

सरळ रेषेतल्या अंतराला इंग्रजीत ‘कावळा उडेल तसं’ म्हणतात. त्यांचा कावळा वक्तशीर असावा, घरटं ते कचेरी, कचेरी ते घरटं. नाशिकच्या कावळ्याला सरळ रेषेत उडणं परवडत नाही. त्याला रामकुंडावर मान आहे. पिंड मांडून, हात जोडून, गेलेल्या माणसाच्या राहिलेल्या इच्छा एकेक करून पुरवण्याची आश्वासनं देत लोक ताटकळतात, आणि हा समोरच्या तारेवर बसून हातभर अंतर तासभर कापत नाही. अशा प्राण्याच्या भरवशावर कोण अंतर मोजणार? शिवाय एकलहऱ्यात सरळ रेषेचा उपयोग तो काय? नदीपलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, तिथल्या देवळातलं भजन ऐकू येतं, आणि जायचं म्हटलं की पुलापर्यंतचा वळसा.

‘जस्ट अराउंड द कॉर्नर’ हेही तसंच. कोपरा यायला आधी गल्ली लागते, गल्लीला घरांची रांग लागते. आमच्या रस्त्यांना कोपरे नसतात, फाटे असतात. सगळा महाराष्ट्र फाट्यावर उतरतो आणि तिथून ‘आत’ जातो. ‘फाट्यावर उतरा, तिथून जवळच आहे, थोडं आत.’ या ‘आत’ची खोली विचारायची नसते.

इंग्रज साहेबाला मात्र फाटा कळला होता, असं माझं मत आहे. जीआयपी रेल्वेनं एकोणिसाव्या शतकात रूळ टाकले ते जुन्या नाशिकपासून आठ-नऊ किलोमीटर अंतरावरून. स्टेशनाला नुसतं ‘नाशिक’ म्हणावं तर उतरलेला प्रवासी देवदर्शनाला निघायचा आणि उसाच्या फडात शिरायचा. म्हणून ‘नाशिकरोड’. म्हणजे इथून नाशिकला रस्ता जातो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. डहाणू रोड, केळवे रोड, अक्कलकोट रोड, सावंतवाडी रोड ही सगळी त्याच घराण्यातली नावं. अबू रोडला उतरलेल्या माणसाला तर अजून पंचवीस-तीस किलोमीटर डोंगर चढायचा असतो. जवळ आलात, पण पोहोचला नाहीत, हे एवढ्या सभ्यपणे सांगणारा दुसरा शब्द मला माहीत नाही. पुढे त्या ‘रोड’भोवती बाजार, शाळा, दवाखाने आले, देवळाली जोडून स्वतंत्र नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिकेत विलीनीकरण झालं. कागदोपत्री अंतर मिटलं. तरी नाशिकरोडचा माणूस आजही पिशवी घेऊन निघताना ‘नाशिकला जाऊन येतो’ असंच म्हणतो.

आणि साहेबाच्या ‘रोड’ला हसण्याआधी आपला फाटा बघावा. नाशिक फाटा नावाचं एक ठिकाण आहे, चांगलं गजबजलेलं, दुमजली उड्डाणपूल असलेलं. ते पिंपरी-चिंचवडला कासारवाडीत आहे. तिथून नाशिक दोनशे किलोमीटर.

अलीकडे जवळिकीची बरीचशी कामं इंग्रजी शब्दांकडे गेली आहेत. सिन्नर फाट्याच्या पुढे प्लॉटच्या पाट्या वाचत जावं. ‘हायवे टच’, ‘डीपी रोड टच’, समृद्धी महामार्ग झाल्यापासून ‘समृद्धी टच’. प्लॉट रस्त्याला कुठं टच होतो ते बघायला गेलं की दलाल मोटारसायकलवर पुढे आणि आपण मागे, कच्च्या रस्त्यानं बरंच टच होत जातो. ‘अमुक ठिकाणापासून अवघ्या दहा मिनिटांवर’ ही दुसरी पाटी. ही मिनिटं पहाटे चारची असतात, मोकळ्या रस्त्याची, आणि गाडी चालवणारा बहुधा बिल्डरचा मेहुणा. माणसांच्या बाबतीत तर ‘टचमध्ये राहू’ असं म्हणून निरोप घेतला की पुढची भेट कोणाच्या तरी दहाव्यालाच.

‘अटॅच’चा प्रवास याहून मोठा आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत परसाकडे जायचं म्हणजे टमरेल घेऊन घरापासून जितकं लांब तितकं बरं. आता मुलाचं घर बघायला आलेली मंडळी चहा घेता घेता विचारतात, ‘संडास-बाथरूम अटॅच आहे ना?’ आणि त्याच बैठकीत मुलाची आई कौतुकानं सांगते, ‘आमचा हा आजीला फार अटॅच आहे.’ एकाच घरात, एकाच शब्दानं, नातू आजीला आणि संडास बेडरूमला. कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही. सोयीचा शब्द आहे.

‘क्लोज’चं तेवढं कौतुक मला नाही. कॉलेजातली पोरं ‘आम्ही खूप क्लोज आहोत’ म्हणतात आणि मोबाइलवर क्लोज फ्रेंड्सची यादी करतात, हिरव्या कड्याच्या आत कोण आणि बाहेर कोण. यादीतून कधी काढलं ते समोरच्याला कळतही नाही. आपल्याकडे अशी याद्यांची सोय नव्हती. जवळच्या माणसाला लांब करायचं तर लग्नाच्या पत्रिकेतून नाव गाळावं लागे, त्यावरून दोन पिढ्या अबोला धरावा लागे. कष्टाचं काम होतं.

नात्यांच्या बाबतीत इंग्रजी माणसाची दया येते. त्याला एकच ‘कझिन’, मग पिढ्यांच्या अंतराप्रमाणे ‘वन्स रिमूव्ह्ड’, ‘ट्वाइस रिमूव्ह्ड’. नोकरीवरून काढल्यासारखे नातेवाईक काढत न्यायचे. आपल्याकडे ‘सख्खा चुलत’ आहे. बाहेरच्या माणसाला वाटेल, सख्खा असेल तर चुलत कसा? पण लग्नघरात ‘हे आमचे सख्खे चुलत बरं का’ असं सांगितलं की पाहुण्याला टोपी-उपरणं द्यायचं की नुसता नारळ, हे त्या क्षणी ठरतं. ‘लांबचे मामा’ असतात, आणि मांडवात पंगत वाढायला, रुसलेल्यांना आणायला सगळ्यांच्या आधी तेच पळतात. एकलहऱ्याच्या कॉलनीत तर भुसावळ-जळगावकडची मंडळीही नोकरीनिमित्त येऊन राहिली. ‘आठेच शे’ म्हणणारी वहिनी आणि ‘इथंच तर आहे’ म्हणणारी वहिनी एका भिंतीआड राहायला लागल्या, डब्यातल्या भाज्या इकडून तिकडे गेल्या, आणि पोरं दोन्ही घरांत मावशी म्हणत वाढली.

एक गोष्ट मात्र मला मराठीत जाणवते. जी गोष्ट अंगाच्या जितकी जवळ येते, तितकी ती धोक्याची होते. परीक्षा तोंडावर येते. व्यवहार अंगाशी येतो. कर्ज गळ्याशी येतं, पाहुणा मानगुटीवर बसतो, जीव कंठाशी येतो. लांब असतं तोवर सगळं ठीक चाललेलं असतं, म्हणून तर डोंगर दुरून साजरे. याला अपवाद थोडे. पोराला पोटाशी धरतात, स्वप्न उराशी बाळगतात. पोट आणि गळा यांत अंतर ते किती, पण पोटाशी आलं तर माया आणि गळ्याशी आलं तर सावकार.

काळाच्या बाबतीतही हे ‘तोंडावर’ येणं नाशिककरांना सवयीचं आहे. सिंहस्थ कुंभमेळा बारा वर्षांनी येतो. २००३, २०१५, आता २०२७. पण तो तोंडावर मात्र कायमच असतो. रस्ता का खणला? सिंहस्थ तोंडावर आलाय. रस्ता का बुजवला नाही? सिंहस्थाच्या निधीतून होणार आहे. मागच्या सिंहस्थाचे मांडव उतरले की पुढचा तोंडावर यायला लागतो.

एकलहऱ्याचं स्वतःचं असं एक ‘होत आलंय’ आहे. इथले पहिले दोन संच १९७०च्या सुमाराला सुरू झाले आणि आपलं काम करून निवृत्त झाले. आता २१० मेगावॅटचे तीन उरलेत, मिळून ६३०. निवृत्त झालेल्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच यायचा, ही गोष्ट गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर इतकी वर्षं चालू आहे की ती ऐकत वाढलेली पोरं आता स्वतः चहा सांगतात. ‘जवळजवळ नक्की झालंय म्हणे.’ आपल्याकडे ‘जवळ’ एकदा म्हटलं तर थोडी आशा धरायला हरकत नाही. दोनदा म्हटलं की घरी जावं.

कारखान्यातल्या इंग्रजीत एक ‘नियर मिस’ असतो. अपघात होता होता राहिला, तर त्याची वहीत नोंद करायची. एका निवृत्त फिटरकाकांनी मला त्यांच्या तरुणपणची हकिकत सांगितली. वरच्या मजल्यावरून पाना सुटला आणि त्यांच्या पायापासून वीतभरावर आदळला. साहेबांनी बोलावून वही पुढे केली. ‘लिहा, नियर मिस.’ काका म्हणाले, ‘साहेब, पाना पडला, पण लागला नाही. जे झालंच नाही ते कसं लिहू?’ साहेब समजूतदार होते. त्यांनी विचारलं, ‘पाना कोणाच्या हातातून सुटला? खाली जाळी का नव्हती? तुम्ही तिथं उभे का होता?’ तिन्हीची उत्तरं लिहिता लिहिता पान भरलं. आपली पद्धत निराळी. ‘थोडक्यात वाचलो’ म्हणायचं, घरी जाऊन देवापुढे साखर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभं राहायचं. काकांनी दोन्ही केलं. वहीत लिहिलं आणि साखरही ठेवली. जाळी लागली, असं ते म्हणाले. कशामुळे ते त्यांनी सांगितलं नाही.

या पट्ट्यात जवळ असण्याचा आणि आपलं असण्याचा संबंध लोकांनी कधीच सोडून दिला असावा. नाशिकरोडला १९२८पासून नोटा छापतात. सकाळच्या पाळीला माणसं आत जातात, दिवसभर पैशांच्या राशीत काम करतात आणि संध्याकाळी झडती देऊन, आपल्या डब्यासह जशीच्या तशी बाहेर येतात. ती नोट गल्लीतल्या किराणा दुकानात यायची तर आधी रिझर्व्ह बँक, मग दुसरी बँक, मग कोणाचा तरी पगार, असा फेरा पुरा करून येते. विजेचंही तेच. एकलहऱ्याला जनित्रातून ती १५.७५ हजार व्होल्टनं बाहेर पडते, तिथल्या तिथे २२० हजारांवर चढवली जाते आणि मनोऱ्यांवरून राज्यभराच्या जाळ्यात जाते. मग उपकेंद्रा-उपकेंद्रांतून पायऱ्या उतरत, शेवटी गल्लीतल्या डीपीतून दोनशे तीस व्होल्ट होऊन स्वयंपाकघरातल्या मिक्सरला मिळते. कोळसा तर विदर्भापासून शेकडो किलोमीटर मालगाडीनं आलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. फक्त इथं कळसा शोधायला कोणी निघत नाही. बिल वेळेवर येतं.

म्हणून माझा अंदाज असा की आपलं ‘जवळ’ रस्त्यावर मोजताच येत नाही. ते बोलणाऱ्याच्या मनात असतं. एकलहऱ्याचे आबा तुम्हाला हुरड्याला बोलावतात तेव्हा म्हणतात, ‘या की, जवळच तर आहे.’ तुम्ही त्यांना बारशाला गंगापूर रोडला बोलवा. तेच आबा म्हणतात, ‘येतो, पण लांब पडतं हो आम्हाला.’ रस्ता तोच. जाताना जवळ आणि येताना लांब असलेला रस्ता भूमितीत बसत नाही, पण आबा दोन्ही वेळा खरं बोलतात. पहिल्यांदा तुम्ही यावं असं त्यांना वाटतं. दुसऱ्यांदा गुडघे दुखतात. लेकीच्या बाबतीत तर अंतर महिन्या-महिन्याला बदलतं. ‘पोरगी जवळच दिली, नाशिकरोडला,’ असं लग्नात अभिमानानं सांगणारी माउली सहा महिन्यांनी शेजारणीजवळ कुरकुरते, ‘जवळ देऊ नये बाई, उठलं की माहेरी.’ आणि लेक आठ दिवस आली नाही, तर हीच बाई शेजारणीला म्हणते, ‘लांब पडलं गं पोरीला.’

इंग्रजीत हे जमत नाही असा माझा दावा नाही. त्यांचेही लोक ‘सो नियर अँड येट सो फार’ म्हणून उसासे टाकतातच. पण त्यांचा उसासा संपला की ते मैल सांगतात. आपण चहा टाकतो आणि म्हणतो, ‘बसा हो, जाल. जवळच तर जायचंय.’

तर बाहेरगावाहून येणाऱ्यांना एक विनंती. नाशिकरोडला उतरून एकलहऱ्याकडे जायचं असेल, तर वाट कोणालाही विचारा, अगदी प्रेमानं सांगतील. अंतर मात्र रिक्षावाल्याला विचारा. ‘जवळच आहे ना?’ म्हटल्यावर या गावात नाही म्हणणारा तो एकटाच आहे. तो किलोमीटर सांगेल, खराब रस्ता सांगेल, रिकामं परत यावं लागतं तेही सांगेल. त्याच्याशी घासाघीस करू नका, आणि परतीचं त्याच वेळी ठरवून टाका, कारण अंधार पडल्यावर तिकडून रिक्षा मिळायची मारामार आहे.